एकाच रात्रीच्या तीन भजन-कॅसेट: कोणती धरावी, आणि मधले पुकारे कापावे का?

आर्वीकडची

नमस्कार मंडळी. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. माझे मोठे बाबा (वडिलांचे थोरले भाऊ) गावच्या भजन मंडळात हार्मोनियम वाजवायचे. दिवाळीनंतर आमच्याकडे खंजेरी भजनांचं संमेलन व्हायचं. आजूबाजूच्या गावांतली मंडळं यायची, जेवणं आटोपली की सुरू व्हायचं आणि पहाटेच्या रामधूनपर्यंत चालायचं. मोठे बाबा स्वतः वाजवता वाजवता शेजारी टेप ठेवून सगळं भरून घ्यायचे. मग आष्टी, मोर्शी, वरूड, चांदूरबाजार, कुठकुठल्या लोकांशी कॅसेटची अदलाबदल चालायची. आम्ही लहान होतो, आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती.

ते गेल्यावर मोठ्या आईनं त्यांची लोखंडी ट्रंक माझ्याकडे दिली. तिच्यात एका संमेलनाच्या एकाच भागाच्या (आमचं मंडळ आणि त्यानंतर आष्टीचं) तीन वेगवेगळ्या प्रती निघाल्या. एक टीडीके कंपनीची ९० मिनिटांची, वर ‘मू.’ एवढंच लिहिलेलं. दुसरी म्हणजे ६०च्या दोन कॅसेट, त्यांवर ‘मू. वरून’. तिसऱ्या ९०च्या कॅसेटवर ‘आष्टीवाल्यांकडून’. तारीख कशावरच नाही. फक्त टीडीकेवर ‘का. शु. ११’ आहे, वर्ष नाही.

टीडीकेचा आवाज सगळ्यात स्वच्छ आहे, पण दुसऱ्या बाजूला जसजसं पुढं जावं तसतसे गाणारे चिरके होत जातात, शेवटी तर लहान पोरांसारखे ऐकू येतात. ६०वाल्या दबलेल्या वाटतात. आष्टीवालीत सुसू आवाज जास्त आहे आणि त्यात मधले पुकारे (देणगी देणाऱ्यांची नावं, गावच्या सूचना लाऊडस्पीकरवर सांगतात ते) नाहीत.

तालुक्याच्या दुकानदारानं सांगितलं की तो पुकारे, खोकणं, मधल्या रिकाम्या जागा सगळं कापून फक्त भजनं पेन ड्राइव्हवर देईल. भावाचंही म्हणणं तसंच आहे, ‘पुकारे कोण ऐकते?’ मोठी आई म्हणते एक अक्षर काढायचं नाही. मला स्वतःला ठरवता येत नाही. तिन्हींपैकी कोणती धरायची, आणि तो चिरका आवाज दुरुस्त होतो का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगावं.

स्वरांकित

ऑडेसिटी हा मोफत प्रोग्रॅम आहे, तो घ्या. कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाच्या लाइन-इनला. आधी फक्त सुसू असलेला दोनेक सेकंदांचा तुकडा निवडून नॉइज रिडक्शनला तो दाखवायचा, मग पूर्ण फाइलला लावायचं. रिकाम्या जागा कापायची सोयही त्यातच आहे, एका बटणात होतं. शेवटी एमपी३ करून व्हॉट्सॲपवर घरच्यांना पाठवा. टीडीके धरा आणि बाकीच्या सोडून द्या, उगाच तिप्पट काम कशाला.

रेडिओवाला तिवसा

ताई, दुकानदाराकडे कॅसेट अजून देऊ नका. आणि वरच्या दादांनी चांगल्या मनानं सांगितलं आहे, पण ते एका बटणाचं काम तर मुळीच करू नका. लांब लिहितो, कारण ह्या गोष्टीत माझा जीव आहे.

तिवसा तालुक्यात माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं आणि भजन संमेलनाला मी माझा टेप घेऊन जात असे. तुमच्या मोठ्या बाबांसारखा माणूस दर पाच-दहा गावांमागे एखादा असायचाच. नियम एकच होता: कोरी कॅसेट द्या, भरलेली घेऊन जा. कोणी पैसे घेतले असं कळलं की पुढच्या वर्षी त्याला कोणी काही देत नसे. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून बाजाराच्या दिवशी कॅसेट एसटीत कंडक्टरच्या हवाली व्हायची आणि स्टँडवर समोरचा उभा राहायचा. मोठी देवाणघेवाण मोझरीला, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला. चारही बाजूंची मंडळं तिथल्या गुरुकुंज आश्रमात उतरलेली असायची आणि कोणाच्या राहुटीत कोणत्या गावचा कार्यक्रम आहे, हे सांजेपर्यंत सगळ्यांना माहीत झालेलं असायचं.

तुमच्या खुणा बरोबर तशाच आहेत जशा आम्ही करायचो. ‘मू.’ म्हणजे मूळ, जी कॅसेट त्या रात्री मंडपात फिरली ती. ‘मू. वरून’ म्हणजे तिच्यावरून थेट केलेली पहिली नक्कल. नुसतं गावाचं नाव असलं तर हातोहात आलेली, मागचं काही ठाऊक नाही. पण कव्हरं बदलतात, म्हणून कानानं खात्री करा लागते. दोन जागा ऐका.

पहिली जागा कॅसेटच्या अगदी सुरुवातीची. हेडफोन लावा, आवाज मोठा ठेवा. कोऱ्या फितीचा स्वतःचा बारीक सुसू आवाज असतो. मूळ कॅसेटवर बटण दाबल्याचा ठक् असा आवाज येतो आणि लगेच मंडप ऐकू येतो, माणसं, लाऊडस्पीकर, सगळं एकदम. नकलेवर आधी एक सुसू येतो, मग क्षणभरानं त्याच्यावर दुसरा जाड सुसू चढतो, आणि त्यानंतर मंडप. तो दुसरा सुसू आधीच्या कॅसेटचा. म्हणजे पायऱ्या मोजल्या की किती हातांतून आली ते कळते. टेप टू टेप दुप्पट वेगानं उतरवली असेल तर झांजेचा आणि खंजेरीच्या चकत्यांचा खणखणाट आणखी मेलेला असतो.

दुसरी जागा बाजू पलटण्याची. ९०ची कॅसेट ४५ मिनिटांनी पलटवा लागते, तेवढ्यात गाणं तुटतं. मूळ कॅसेटवर ते तुटणं बाजूच्या शेवटी येईल. ६०वर उतरवलेल्या नकलेत तेच तुटणं पहिल्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, साधारण पंधराव्या मिनिटाला, चालू फितीत मध्येच येईल. तिथे भजनाचा चरण अर्धा राहून पुढचा सुरू झालेला सापडला तर ती नक्कल आहे हे पक्कं समजा.

आता चिरका आवाज. तुमच्याकडे त्या रात्री लाइन गेली असावी आणि टेप सेलवर चालला असावा. सेल उतरत गेले की मोटर मंद होते आणि फीत हळू सरकते. कॅसेटची नेमकी चाल सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. त्यापेक्षा हळू भरलेली फीत आपण आज बरोबर चालीनं वाजवली की गाणं जलद आणि चढ्या पट्टीत येतं. म्हणून शेवटी जास्त. हे दुरुस्त होते, आणि पूर्ण होते, पण अंदाजानं करू नका.

लाइन असताना भरलेल्या टेपमध्ये ॲम्प्लिफायरची घरघर असते, ती ५० आणि १०० हर्ट्झवर. ऑडेसिटीत स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख) काढून पाहिलं आणि ती ५३वर दिसली, तर टेप सहा टक्के जलद आहे. मात्र नेमकी ५०वरची रेघ आपल्या आजच्या मशीनची पण असू शकते, ती सोडून बाजूची पाहा. तुमच्या बाबतीत लाइनच नव्हती, अहुजाचा ॲम्प्लिफायर बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालला असेल, तर घरघर मिळणारच नाही. मग एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे हार्मोनियम. माणसाचा गळा रात्रीतून चढतो-उतरतो, पण पेटीचे सूर जिथल्या तिथे राहतात. काळी एकमध्ये गाणारं मंडळ टेपवर पांढरी दोनला, म्हणजे पेटीच्या लगतच्या वरच्या पट्टीला, ऐकू आलं तर वेग सुमारे सहा टक्के जास्त आहे. मोठे बाबा वाजवायचे ती पेटी कुठे आहे, तपास करा. मिळाली तर तिचा षड्ज (सा) मोबाइलवर भरून घ्या. दर पाच मिनिटांनी टेपमधल्या पेटीचा सूर त्याच्याशी ताडून वेग हळूहळू कमी करत जायचा, एकदम एका आकड्यानं नाही, कारण सेल हळूहळूच उतरले.

पुकाऱ्यांबद्दल मी मोठ्या आईच्या बाजूनं आहे. कॅसेटची अदलाबदल होण्याचं निम्मं कारण पुकारेच होते. ‘अमक्या गावचे अमुक यांच्याकडून मंडळाला अकरा रुपये आणि नारळ’ हे ऐकायला ते अमुक आपल्या घरी दहा माणसं बसवत. मी नकला करायचो तेव्हा लोक विचारायचे, ‘आमच्या गावचं नाव आहे ना त्याच्यात?’ भजन दुसऱ्या कॅसेटवरही मिळत होतं, नाव त्याच एकीवर होतं. आणि तुम्हाला वर्ष हवं आहे ना? ते पुकाऱ्यातूनच निघेल. सरपंच कोण, दुष्काळी काम कुठे चालू आहे, कोणाची बैलगाडी वाटेत उभी आहे आणि कोणाचा नवा ट्रॅक्टर, हे सगळं त्यात असते. कार्तिक शुद्ध एकादशी तुमच्याकडे आहेच. सरपंचाचं नाव ऐकून ग्रामपंचायतीत विचारा, चार-पाच वर्षांच्या आत याल.

रिकाम्या जागा कापायच्या बटणाबद्दल एक सांगतो, कारण असं होताना मी पाहिलं आहे. राष्ट्रसंत ११ ऑक्टोबर १९६८ला गेले, आणि मोझरीला पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. अख्खं मैदान उभं राहते. अशा कॅसेट मोठ्या बाबांच्या ट्रंकेत असतील तर त्यात काही वेळ काहीच नाही असं वाटेल. मशीन ते ‘रिकामं’ म्हणून उडवून टाकते. ते रिकामं नाही. तेवढ्यासाठी लोकांनी टेप नेला होता.

आणि एखाद्या कॅसेटवर ‘महाराजांचा प्रत्यक्ष आवाज’ असं लिहिलेलं सापडलं तर जपून ठेवा, पण तिला मूळ समजू नका. कॅसेट निघाली १९६३ साली, परदेशात. आपल्या खेड्यात ती घरोघर दिसू लागली ऐंशीच्या दशकात. महाराजांचा आवाज ज्या कॅसेटवर आहे ती रिळावरून, तबकडीवरून नाहीतर रेडिओवरून उतरवलेली असणार.

लाखांदूरचा

तिवसावाल्या भाऊंनी सगळं सांगतलं, मी एकच जोडतो. आमच्या झाडीपट्टीत शंकरपटाच्या (बैलायच्या शर्यतीच्या) रातची नाटकं लोकं अशीच भरून ठेवत आनि एकमेकायले देत. आता त्या कॅसेटी काढल्या का निम्म्यायवर पांढरी बुरशी. धानाचा मुलूख, पावसाच्या दिवसात भिंती पन ओल्या राह्यते. ताई, लावाच्या आधी कॅसेटच्या खिडकीतून फीत पाहून घ्या. फितीच्या कडेले पांढरं पावडर दिसलं तर थे कॅसेट चांगल्या टेपात घालूच नका. हेड खराब होते आनि पुढची कॅसेट पन बिघडते. स्क्रूवाली असन तर उघडून, तोंडाले फडकं बांधून, मऊ सुक्या कापडातून फीत हळूहळू हातानं फिरवून घ्या लागते. ट्रंक लोखंडाची हाये तर तिले जमिनीवर ठेवू नका, खाली पाट द्या.

सीताबर्डी

पुकारे न कापण्याबद्दल मी तिवसाकरांशी पूर्ण सहमत. मी पाश्चात्त्य संगीत ऐकणारा माणूस, आणि ही चाल वाचून थक्क झालो, कारण अमेरिकेत ग्रेटफुल डेड या बँडच्या चाहत्यांनी नेमकं हेच केलं. बँडनं लोकांना कार्यक्रम टेप करू दिले. ऑक्टोबर १९८४ पासून टेप करणाऱ्यांसाठी साउंडबोर्डच्या मागे वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं ठेवली. अट अशी की विकायचं नाही. नवीन माणसानं कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवायचं, जुन्यानं भरून परत करायचं. कव्हरवर कार्यक्रमाची तारीख, गाव, माइक कोणता, आणि ही कितवी नक्कल, हे लिहायची शिस्त होती. तुमचं ‘मू.’ आणि ‘मू. वरून’ त्याच जातीचं.

८ मे १९७७चा कॉर्नेल विद्यापीठातला त्यांचा कार्यक्रम बेटी कँटर-जॅक्सन यांनी बँडसाठी भरला होता. तो बाजारात रीतसर येईपर्यंत २०१७ साल उजाडलं. तोवर चाहत्यांनी हातोहात नकला करूनच तो जगवला, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपण्याच्या राष्ट्रीय यादीत २०११ सालासाठी त्याची निवड केली तेव्हाही तो अधिकृतपणे निघालेला नव्हता. ज्यांनी कव्हरवर नीट लिहून ठेवलं त्यांच्यामुळे पुढच्यांना चांगली प्रत शोधता आली. म्हणून ताई, तुमच्या फाइलच्या नावातही ‘मू.’ आणि ‘आष्टीवाल्यांकडून’ तसंच ठेवा.

आर्वीकडची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हेडफोन लावून तिन्ही ऐकल्या.

टीडीकेवर ठक् वाजून एकदम मंडपच सुरू होतो. पहिल्या बाजूच्या शेवटी चरण तुटतो. म्हणजे ती मूळच. ६०वाल्या पहिल्या कॅसेटवर दुसऱ्या बाजूला मध्येच तोच चरण तुटलेला सापडला, काका म्हणाले अगदी तिथेच. सुसूच्या दोन पायऱ्याही स्पष्ट कळल्या.

पण आष्टीवालीचं कोडं झालं. तिच्यातही सुरुवातीला एकच पायरी आहे! आणि टीडीकेवर जो चरण तुटतो तो हिच्यात पूर्ण आहे. टीडीकेवर हार्मोनियम जवळ आणि खंजेरी लांब, हिच्यात खंजेरी कानाशी आणि हार्मोनियम पार मागे. खंजेरीचा जोरात ठोका पडला की गाणाऱ्याचा आवाज एकदम खाली जातो आणि हळूहळू वर येतो. पुकारे नाहीत, पण प्रत्येक पुकाऱ्याच्या जागी ठक् ठक् असे दोन आवाज आहेत. आणि चिरकेपणा कुठेच नाही, शेवटपर्यंत एकसारखी.

वर्षाचंही थोडं उलगडलं. मूळ कॅसेटवर एका पुकाऱ्यात ज्या सरपंचांचं नाव आलं त्यांच्या मुलाला भावानं विचारलं, आज ग्रामपंचायतीत बघून सांगतो म्हणाले. पुकारे कापायचा विषय भावानं स्वतःच बंद केला, कारण एका ठिकाणी आमच्या आजोबांच्या नावानं पाच रुपये आहेत. आजोबांचं नाव लाऊडस्पीकरवर घेतलेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

हार्मोनियम देवळातच आहे. भाता फाटला आहे पण सूर लागतात.

रेडिओवाला तिवसा

ताई, हे फार मोठं निघालं. आष्टीवाली नक्कलच नाही. आष्टीचा कोणीतरी त्या रात्री आपला टेप घेऊन आला होता आणि खंजेरीवाल्याजवळ बसला होता. छोट्या टेपच्या अंगच्या माइकला आवाज आपोआप कमी-जास्त करायची सोय असते. खंजेरीचा ठोका पडला की ती सगळाच आवाज दाबते, म्हणून गाणारा बुडतो. दोन ठक् म्हणजे त्यानं पुकारा सुरू झाला की फीत थांबवली आणि संपला की पुन्हा सोडली. फीत महाग होती, बरेच जण असं करायचे. सेल नवे टाकून आला असणार.

म्हणजे एका रात्रीच्या दोन स्वतंत्र मूळ कॅसेट आहेत तुमच्याकडे. एक हार्मोनियमच्या बाजूनं, एक खंजेरीच्या बाजूनं. मोठ्या बाबांना हे माहीत होतं, म्हणूनच त्यांनी दोन्ही ठेवल्या.

आता कामाचं सांगतो. दोन्ही कॅसेटच्या मागच्या कडेला कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या छोट्या पट्ट्या असतात, त्या मोडून टाका, म्हणजे चुकूनही वर काही भरलं जाणार नाही. वाजवण्याआधी टेपचं हेड आणि रबरी चाक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो किंचित फिरवून झांज सगळ्यात खणखणीत कुठे येते ते प्रत्येक कॅसेटसाठी वेगळं ठरवा लागते, जवळच्या मेकॅनिकला सोबत बसवा. संगणकात वेव्ह फाइल करा, एमपी३ नंतर वाटायला. नॉइज रिडक्शन मूळ फाइलवर कधीच लावू नका. दोन्ही पूर्ण फाइली जशाच्या तशा राहू द्या. तुटलेला चरण आष्टीवालीतून जोडून तिसरी ऐकायची प्रत जरूर करा, पण कोणत्या मिनिटाला काय जोडलं ते नावात लिहा. आवाज एकदम बदलेल तिथे, बदलू द्या. ६०वाल्या फेकू नका, मूळ फीत कुठे तुटली तर त्याच कामाला येतील.

आष्टीची कॅसेट एकसारखी आहे तर वेगासाठी दोन साक्षीदार झाले, ती आणि देवळातली पेटी. दोघींचा सूर जुळला तर टीडीकेची दुसरी बाजू तिच्यावरून लावता येईल.

यूट्यूबवर टाकायची घाई करू नका. गाणारे, वाजवणारे ज्यांच्या घरचे आहेत त्यांना आधी ऐकवा, त्यांची हरकत नसेल तर टाका. आष्टीच्या मंडळाला मात्र त्यांची पाळी असलेली पूर्ण प्रत नेऊन द्या, पुकाऱ्यांसकट, कारण त्यांच्या कॅसेटमध्ये ते नाहीत. तो टेप कोणाचा होता हे तिथेच कळेल, आणि त्यांच्याकडे तुमच्या गावच्या आणखी रात्री पडून असतील.

पेटीच्या काळी एक ते काळी पाच, प्रत्येक पट्टी चार-पाच सेकंद दाबून मोबाइलवर भरा आणि टीडीकेच्या दुसऱ्या बाजूची शेवटची दहा मिनिटं सोबत इथे टाका. भाता फाटलेला आहे तर एकानं मागून हातानं दाबून धरा लागेल. किती टक्के कमी करायचं ते मी काढून देतो.